वाचकांचे प्रश्न : वसंतातले पक्षी, आपल्याच दारातले

गेल्या अंकात वसंत ऋतू आणि पक्षिनिरीक्षण या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी अधिकांश वाचकांच्या उपयोगी पडतील अशी काही पत्रे निवडून, आवश्यक तेथे थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत. ‘पक्षी बघायला कुठे जावे?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात होता. त्याचे उत्तर पहिल्याच पत्राच्या निमित्ताने सविस्तर दिले असल्यामुळे पुढे त्याची पुनरुक्ती केलेली नाही.

प्रश्न : मी नुकताच बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो असून पुण्यात कोथरूड भागात राहतो. रोज सकाळी फिरायला जातो, परंतु आजवर मान खाली घालून झपझप चालण्याचीच सवय होती. आता पक्षी पाहण्याचा छंद लावून घ्यावा असे मनात आहे. मुलगी दुर्बीण घेऊन द्यायला तयार आहे; घरातील मंडळी मात्र ‘आधी भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन या’ असे सुचवतात. त्यातच एका परिचितांनी सांगितले, की फेब्रुवारी सरत आला म्हणजे पक्ष्यांचा मोसम संपला. हे खरे आहे का? सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आपल्याकडे पक्ष्यांचा मोसम म्हणजे हिवाळा, असे समीकरण रूढ झाले आहे आणि त्याला कारणही आहे. उत्तरेकडून येणारी बदके, धोबी, थिरथिरे, भिंगऱ्या अशी पाहुणे मंडळी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत महाराष्ट्रात असतात. राज्यात साजरा होणारा पक्षी सप्ताहही ५ ते १२ नोव्हेंबर असा, मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून घेतलेला आहे. पाहुणे आता परतीच्या तयारीला लागले आहेत, हे खरेच. परंतु जे पक्षी बारमाही आपले शेजारी आहेत त्यांचे वर्षातले सर्वांत गजबजलेले दिवस नेमके याच सुमारास सुरू होतात. गाणे, भांडणे, जोडीदाराची मनधरणी, घरट्यासाठी काड्यांची पळवापळवी हे सारे फाल्गुन-चैत्रात उघड्यावर चालते. ते पाहण्यासाठी पानेही फारशी आड येत नाहीत, कारण आपला वसंत हा पानगळीच्या खांद्यावर बसूनच येतो. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी झाडे पंचांगाची वाट पाहत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी, की भरतपूर पुढच्या हिवाळ्यावर ठेवावे आणि यंदा एक काटेसावर शोधावी. कोथरूडकरांना वेताळ टेकडी हाकेच्या अंतरावर आहे. तेथे, रस्त्याकडेला किंवा एखाद्या जुन्या संस्थेच्या आवारात ती हमखास सापडेल. संपूर्ण निष्पर्ण झाड आणि फांद्याफांद्यांवर मोठी लाल फुले, ही खूण पुरेशी आहे. खाली पडलेले एखादे ताजे फूल हातात घेऊन पाहावे. पाच जाड, मांसल पाकळ्या, मध्यभागी पुंकेसरांचा भरघोस जुडगा आणि त्याच्या तळाशी साचलेला पातळ मकरंद. फूल एवढे जड का असते, हे झाडावर साळुंकी उतरली की लक्षात येते, कारण तिचे वजन त्या फुलाला पेलायचे असते. मकरंद पिण्यासाठी ती डोके पार आत खुपसते आणि कपाळावर परागकणांची पूड घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. झाडाला हवा तो मोबदला असा तिच्या कपाळावरून वसूल होतो.

अशा झाडापासून तीसचाळीस पावलांवर, सूर्य पाठीशी राहील असे उभे राहावे आणि सूर्योदयानंतरचा अर्धा-पाऊण तास तेथेच काढावा. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, पोपट, शिंजीर, चष्मेवाले, हळद्या, कोतवाल आणि भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) भांडखोर थवे अशी मंडळी एकाच झाडावर आळीपाळीने येतात. त्यांत प्रत्येकाची रीत निराळी असते. पोपट मकरंदापुरता थांबत नाही, तो पाकळ्याच कुरतडून खाली टाकतो. कोतवाल मकरंद घेतोच, शिवाय फुलांवर जमलेल्या किड्यांवर झडपही घालतो. एवढासा शिंजीर मोठ्यांची पाळी संपेपर्यंत कडेच्या फुलांवर भागवतो. जांभळ्या शिंजिराच्या नराकडे विशेष लक्ष द्यावे. विणीचा काळ नसताना तो मादीसारखाच मळकट पिवळा असतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत तेवढी एक काळसर रेघ दिसते. वसंताच्या तोंडावर त्याचा पिसारा बदलून तो निळाजांभळा, झळाळता काळा होतो. यंदा तुम्हांला अर्धवट रंगलेला, ठिपक्याठिपक्यांचा नर दिसला, तर तो कोणता दुर्मीळ पक्षी म्हणून पुस्तके उलटीपालटी करू नका. त्याचा पोशाख अजून पुरा व्हायचा आहे, इतकेच.

काटेसावरीपाठोपाठ पळस आणि पांगारा फुलतात, म्हणजे मार्चअखेरपर्यंत आपली सोय झाली. दुर्बीण मात्र मुलीकडून अवश्य घ्यावी. ८×४२ या मापाची दुर्बीण नवशिक्याला सर्वांत सोयीची पडते. त्यातील ८ हा आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. अधिक पटीची दुर्बीण घेण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु तिच्यात हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. पहिला महिना नुसत्या डोळ्यांनी पाहिलेत तर उत्तमच. पक्षी काय करतो आहे हे पाहण्याची सवय आधी लागली, की त्याचे नाव मागाहून आपोआप पाठ होते. उलट्या क्रमाने शिकलेल्यांना नावे पुष्कळ येतात आणि पक्षी फार थोडे कळतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीच्या घरामागे आंब्या-फणसाची दाट झाडी आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहाटे चार वाजल्यापासून कोकिळा ओरडू लागते. पूर्वी ते गोड वाटे, आता झोपमोड होते, हेही प्रांजळपणे सांगते. शेजारचे काका म्हणतात, की ती वसंतात दुरून येते आणि पावसाळ्यात परत जाते. इतकी ओरडूनही ती दिसत मात्र कधीच नाही. खरे काय?

उत्तर : काकांचा समज फार जुना आणि फार पसरलेला आहे, पण तो बरोबर नाही. कोकीळ आपल्याकडे वर्षभर असतो. हिवाळ्यात तो जवळजवळ मुका असतो आणि दाट पानांत वड, पिंपळ, उंबराची फळे खात बसतो, म्हणून त्याचे असणे आपल्या ध्यानात येत नाही. आवाज सुरू झाला, की आपल्याला वाटते तो आला. दुसरे असे, की चढत्या स्वरात ‘कुहू’ घालणारा नर असतो. तो संपूर्ण काळा, लालभडक डोळ्यांचा असतो. मादी तपकिरी असून तिच्या अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे असतात. तिचा आवाज म्हणजे घाईघाईचे ‘किक-किक-किक’, ज्याला कोणी गोड म्हणणार नाही. कवितांनी नराचे सगळे श्रेय मादीला देऊन टाकले आहे आणि तिने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

त्याला पाहायचे असेल, तर त्याच्यामागे न लागता कावळ्याच्या मागे लागावे. एप्रिलपासून कावळे घरटी बांधू लागतील. घरट्याच्या जवळपास काळा नर मुद्दाम उघड्यावर येऊन ओरडतो, कावळे चिडून त्याचा पाठलाग करतात आणि तेवढ्या अवधीत मादी घरट्यात अंडे घालून निघून जाते. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यांआधी उबते, त्यामुळे तिच्या पिल्लाला वाढीत आघाडी मिळते. मात्र युरोपातील कोकिळेप्रमाणे ते यजमानाच्या पिल्लांना सहसा घरट्याबाहेर ढकलत नाही, त्यांच्याबरोबरच वाढते. मे-जूनमध्ये एखादा कावळा आपल्यापेक्षा निराळ्या दिसणाऱ्या, सतत तोंड वासलेल्या पिल्लाला भरवताना दिसला, तर हे सगळे नाटक यशस्वी झाले असे समजावे.

झोपमोडीवर मात्र माझ्याजवळ उपाय नाही. वीण संपेपर्यंत, म्हणजे पावसाळा चांगला सुरू होईपर्यंत, तो ओरडणारच. पहाटे जाग आलीच आहे तर थोडे अंगणात येऊन बसावे. कोकिळाच्या आवाजाखाली दबलेले दयाळाचे शीळ घातल्यासारखे, सतत चाली बदलणारे गाणे याच वेळी ऐकू येते, आणि माझ्या कानांना ते कोकिळाच्या एकसुरी हाकेपेक्षा कितीतरी सरस वाटते.

प्रश्न : ठाण्यात आमचे घर सातव्या मजल्यावर आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालण्याच्या तारेला एका चिमुकल्या पक्ष्याने जाळ्याजळमटांचे लोंबते घरटे बांधायला घेतले आहे. मुले उत्साहाने मोबाइलवर चित्रफिती काढतात. सासूबाई म्हणतात तार वापरायची नाही. नक्की कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : ताई, या बाबतीत सासूबाईंचे ऐकावे. वर्णनावरून हे शिंजिराचेच घरटे दिसते. बांधकाम बहुतांशी मादी करते, आणि तुम्हांला ते हातभर अंतरावरून पाहायला मिळणार आहे, तर आधी मुलांना काय पाहायचे ते सांगते. ती छताच्या कोपऱ्यातले कोळ्याचे जाळे चोचीने ओढून काढते, तारेभोवती गुंडाळते आणि त्यात गवताचे तंतू, सालींचे कपचे, वाळक्या पानांचे तुकडे, सुरवंटांची विष्ठा असे काहीबाही चिकटवत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला तो वाऱ्याने अडकलेला केरच वाटावा, अशी ही योजना असते. मग ती आत शिरून अंग फिरवून पोकळी तयार करते. बाजूला दार आणि दारावर पुढे आलेली लहानशी पडवी असते. शेवटी आतून कापसाचे अस्तर लागते; सावरीची बोंडे एप्रिलमध्ये फुटू लागतात, त्यांचा कापूस तिला फार आवडतो.

घरट्यात सहसा दोन अंडी असतात. ती उबवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पिल्ले उडून जाईपर्यंत आणखी अडीच आठवडे, म्हणजे एकूण महिनाभर तुमच्या तारेचा ताबा तिच्याकडे राहील. बांधकाम आणि उबवण या दोन अवस्थांत पक्षी सर्वांत बुजरा असतो आणि त्रास झाला तर घरटे सोडूनही देतो. म्हणून मोबाइल घेऊन जवळ जाणे, दारातून डोकावणे, फ्लॅश वापरणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरटे ‘सुरक्षित जागी’ हलवणे, हे काहीही करू नये. बाल्कनीच्या दाराचा पडदा ओढून त्याच्या फटीतून पाहिले, तर मुलांना सर्व काही दिसेल. पिल्ले आल्यावर नरही चारा आणू लागतो. तो कोणत्या वेळी किती फेऱ्या घालतो, हे मुलांना वहीत लिहायला सांगावे. पिल्लू खाली पडलेले आढळले, तर हलक्या हाताने परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई-बाप पिल्लाला टाकतात, हा समज निराधार आहे.

प्रश्न : माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. अर्धांगवायूमुळे ते गेल्या वर्षापासून अंथरुणावर आहेत. अमरावतीच्या आमच्या घरात त्यांच्या खाटेला लागून एक खिडकी आहे आणि बाहेर कडुनिंब व थोड्या अंतरावर जुना पिंपळ. त्यांना दूरदर्शनचा कंटाळा आला आहे. त्या खिडकीतून त्यांच्यासाठी काही करता येईल का? त्यांना थोडे कमी ऐकू येते.

उत्तर : खिडकीबाहेर कडुनिंब आणि पिंपळ असतील, तर करण्यासारखे फार थोडे उरते; खाट अशी वळवावी की उशीवरून पिंपळाचा शेंडा दिसेल. मार्चच्या सुरुवातीपासून त्या शेंड्यावर तांबट येऊन बसेल. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल डाग, गळा आणि डोळ्यांभोवती पिवळा रंग. ‘टुक्-टुक्-टुक्’ असा एका लयीतला आवाज तो मिनिटामागून मिनिटे काढत राहतो आणि ऊन तापेल तसा अधिकच चेवाने काढतो. तो ओरडत असताना पाहण्यात एक गंमत आहे. त्याची चोच मिटलेलीच असते, फक्त गळा प्रत्येक ‘टुक्’बरोबर फुगतो; शिवाय तो मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कोठून येतो याचा अंदाज चुकतो. कडुनिंबाची एखादी वाळकी फांदी छाटायची राहिली असेल, तर ती यंदा तशीच राहू द्यावी. तांबट अशा फांदीच्या खालच्या बाजूला चोचीने कोरून गोल भोक पाडतो आणि त्यात वीण करतो. जोडीपैकी एक जण आत भुसा उकरून बाहेर फेकत असलेला दिसला, तर तुमच्या वडिलांना पुढच्या दोन महिन्यांची सोबत मिळाली.

कमी ऐकू येण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. वयानुसार कान आधी बारीक, उंच आवाज गमावतात. शिंजिराची चिवचिव त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणून ‘बाबा, ऐकू येतंय का?’ असे पुन्हा पुन्हा विचारून त्यांना खट्टू करू नये. तांबट, कोकीळ, होला आणि भारद्वाजाचे खोल ‘हूप-हूप’ हे आवाज बहुधा येतील.

ते शिक्षक होते, म्हणजे नोंदी ठेवण्याचा कंटाळा त्यांना नसणार. लिहिणे शक्य नसेल तर त्यांनी सांगावे आणि घरातल्या नातवंडांनी लिहावे. पिंपळाची तांबूस पालवी कोणत्या दिवशी प्रथम दिसली, कडुनिंब कधी मोहरला, तांबटाचा पहिला आवाज सकाळी किती वाजता आला, खारीने कोणाला हुसकावले, अशा साध्या नोंदी. पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा तोडाल, तेव्हा मोहराचा एक तुरा त्यांच्या उशाशी ठेवावा. त्याचा मंद, किंचित मधाळ वास संध्याकाळी खोलीभर राहतो. आणि सकाळचा चहा कोणीतरी त्यांच्याबरोबर त्या खिडकीशी बसून घ्यावा. ‘तो बघा’ म्हणायला शेजारी कोणी असले, तर पक्षी दुप्पट दिसतात.

प्रश्न : आम्ही लंडनला राहतो. येथे मार्चमध्येही कडाका असतो, पण जवळच्या उद्यानात चक्क हिरवे पोपट दिसतात. हे आपल्याकडचेच का? येथल्या वसंतात मुलांना काय दाखवावे?

उत्तर : होय, तेच. लाल चोच आणि नराच्या गळ्याभोवती गुलाबी-काळा कंठ असलेला आपला पोपट. पिंजऱ्यातून सुटलेल्या किंवा सोडून दिलेल्या पक्ष्यांपासून त्यांची वसाहत झाली आणि १९७० च्या सुमारापासून ते तेथे वीण करून चांगलेच स्थिरावले आहेत. थंडी त्यांना फारशी जड जात नाही, कारण त्यांच्यातील बऱ्याच पक्ष्यांचे मूळ हिमालयाच्या पायथ्याकडचे आहे. झाडांच्या ढोल्या ते इतरांच्या आधी बळकावतात, म्हणून तेथील पक्षिमित्रांत त्यांच्याविषयी दुमतही आहे.

मुलांना दाखवण्यासारखा खरा फरक वेगळाच आहे. तेथला वसंत हा पक्षी येण्याचा असतो आणि आपल्याकडचा पाहुणे जाण्याचा. एप्रिलमध्ये तुमच्याकडे भिंगऱ्या येऊ लागतील, त्याच दिवसांत येथे विजेच्या तारांवर रांगेने बसणाऱ्या भिंगऱ्या दिसेनाशा होतील. मात्र येथून गेलेल्याच तेथे पोहोचल्या, असे मुलांना सांगू नका. इंग्लंडच्या भिंगऱ्या हिवाळा दक्षिण आफ्रिकेत काढतात आणि आपल्याकडच्या हिमालय व मध्य आशियाकडे परततात. पहाटे काळा, पिवळ्या चोचीचा ब्लॅकबर्ड छपरावरून गाताना ऐकवावा. दयाळाची आठवण असलेल्या माणसाला त्या गाण्याशी ओळख करून घ्यायला वेळ लागत नाही.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातील आमच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आल्यापासून भोरड्यांनी उच्छाद मांडला. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवून हात दुखून आले. आपण पक्ष्यांचे कौतुक लिहिता. शेतकऱ्याने काय करावे?

उत्तर : राखण करावी, दुसरे काय. दाणे भरलेल्या ज्वारीवर उतरलेला भोरड्यांचा थवा घटकाभरात काय करतो, हे ज्याने पाहिले आहे, तो शेतकऱ्याला पक्षिप्रेमाचे धडे देणार नाही. गोफण, डबे वाजवणे, चकाकणाऱ्या फिती बांधणे हे उपाय जुने आहेत आणि शेजारच्या शेतांत पीक एकाच वेळी तयार होईल अशी पेरणी साधली, तर नुकसान विभागले जाते. विषप्रयोग मात्र कदापि करू नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात तितर, होले, मोर असे इतर पक्षीही जातात.

दुसरी बाजूही सांगून ठेवते. ज्वारी निघाली की हेच थवे रानातले किडे आणि नाकतोडे वेचतात; मध्य आशियातल्या त्यांच्या विणीच्या प्रदेशात तर नाकतोडे आणि टोळ हाच त्यांच्या पिल्लांचा मुख्य आहार असतो. एप्रिलअखेरपर्यंत ते तिकडे निघून जातील. तोवर, खळे उरकले असेल तर, एखाद्या संध्याकाळी बाभळीच्या बनाकडे तोंड करून बांधावर बसावे. मुक्कामाला उतरण्यापूर्वी हजारो भोरड्या आकाशात एकत्र वळतात, पसरतात, पुन्हा गोळा होतात, आणि ससाणा जवळ आला, की सारा थवा मूठ आवळल्यासारखा घट्ट होतो. गोफणीची गरज नसलेल्या वेळी हे पाहिले, तर त्यांच्यावरचा राग थोडा निवळतो, निदान पुढच्या हंगामापर्यंत.

प्रश्न : नाशिकच्या एका पक्षिनिरीक्षक गटात मी वर्षभर जाते. तेथे प्रत्येकाची ‘यादी’ असते; दोनशे, अडीचशे जाती. मला फार तर तीस पक्षी ओळखता येतात. अलीकडे काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात व छायाचित्र काढतात. मला ते खटकते, पण बोलण्याचा अधिकार आहे असे वाटत नाही.

उत्तर : तो अधिकार यादीच्या लांबीवर अवलंबून नसतो. विणीच्या दिवसांत नराला ध्वनिमुद्रित आवाज ऐकू आला, की आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला, असे समजून तो खाणे, गाणे, घरट्यावरची राखण सोडून त्याला शोधत फिरतो. छायाचित्र मिळते, आणि पक्ष्याची सकाळ वाया जाते. रोज नवा गट आला तर वीणही वाया जाते. हे गटप्रमुखांना स्पष्ट शब्दांत सांगावे. मर्लिनसारखे अ‍ॅप आवाज ऐकून पक्षी सुचवते, तो उपयोग निर्दोष आहे. आवाज ऐकणे आणि ऐकवणे यांत फरक आहे.

यादीबद्दल म्हणाल, तर महाराष्ट्रात पाचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, तेव्हा अडीचशेवाल्यांनीही फार ताठ चालण्याचे कारण नाही. तीस पक्षी नीट ओळखणारी व्यक्ती मोठ्या उपयोगाची असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला, आणि त्याचा पाया होता तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवलेली सुमारे तीन कोटी निरीक्षणे. त्या नोंदींत कावळा, चिमणी, साळुंकी यांची मोजणी जितकी नियमित, तितके निष्कर्ष भक्कम. दुर्मीळ पक्षी तर कोणीही नोंदवतो. कावळा मोजायला चिकाटी लागते. तुम्ही एकच जागा ठरवून, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटांत दिसलेले सगळे पक्षी मोजून नोंदवायला लागा. नांदूरमधमेश्वर तुमच्या जिल्ह्यातच आहे आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची ख्याती आहे. पण आठवड्याच्या नोंदीसाठी घरामागचे मैदान अधिक बरे.

प्रश्न : उन्हाळा वाढतो आहे. पक्ष्यांसाठी पाणी कसे ठेवावे? दाणे, पोळी, बिस्किटेही ठेवावीत का? (सांगली)

उत्तर : पसरट, खडबडीत तळाचे मातीचे भांडे सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा उघड्या जागी ठेवावे. पाणी दोन-तीन बोटांपेक्षा खोल नसावे. भांडे खोलच असेल तर मध्ये एक दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे, अन्यथा डास आणि रोग दोन्ही होतात. पोळी-बिस्किटांची गरज नाही, त्यांनी पारवे आणि कावळे तेवढे वाढतात. कुंडीत जास्वंद, अंगणात उंबर किंवा करवंदाची जाळी लावणे हा टिकाऊ उपाय आहे.

प्रश्न : मार्चअखेर भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतील का? मुलांच्या परीक्षा संपल्यावरच जाता येईल.

उत्तर : दिसतील. उजनी जलाशयाचे पाणी ओसरू लागले, की उथळ कडा उघड्या पडतात आणि रोहितांना चरायला त्याच लागतात, त्यामुळे मार्च-एप्रिल ही वेळ चांगलीच आहे. पाऊस लागला की ते निघून जातात. पुण्याहून सोलापूर रस्त्याने अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. पहाटे निघून सूर्योदयाच्या सुमारास कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर पोहोचावे. दहानंतर ऊन आणि पाण्यावरची तिरीप दोन्ही असह्य होतात. परतताना वेळ असेल तर भादलवाडीच्या तलावाकडे वळावे, तेथील झाडांवर चित्रबलाकांची (रंगीत करकोच्यांची) वीण वसाहत असते. नावेचा दर निघण्यापूर्वी ठरवावा आणि नावाड्याला आधीच सांगावे, की थवा उडवून दाखवायचा नाही. बहुतेक नावाडी हे मान्य करतात, कारण उडवण्याची मागणी बहुधा नावेत बसलेल्यांचीच असते.